इंदूरचा ‘भिया’: कोणाला, कुठे आणि कसा म्हणायचा?

महाराष्ट्रातून इंदूरला आलेले लोक ‘भिया’ ऐकून आधी बिचकतात आणि मग भलत्याच माणसाला म्हणून बसतात. इंदूरकरांनो, तुमच्या वापरातलं नेमकं सांगा.

रामबागकर: ‘भैया’तला ‘ऐ’ झिजून ‘इ’ उरला. ‘भि’ झटकन म्हणायचा, लांबवायचा तो ‘या’. ‘भीऽया’ म्हणणारा बाहेरचा, हे लगेच कळतं. ‘कर रहा’चं ‘कर रिया’ होतं, तीच ही घासाघीस. मराठी बोलताना ‘दादा’सारखा चालवा: भियाला, भियाचं. ‘भिय्याला’ कानाला टोचतं.

छप्पनची खवय्यी: वाक्यात कुठे बसवता, त्यावर सगळं आहे. सुरुवातीला आला तर हाक: ‘भिया, जीरावन जरा ज्यादा!’ (जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. हे शेव पडायच्या आत म्हणा, नंतर जीरावन शेवेवरच बसतं, पोह्यांना लागत नाही.) शेवटी आला तर होकाराला जोर: ‘सई है भिया’. नुसताच, सूर चढवून ‘भियाऽ?’ म्हणजे ‘हे काय चाललंय?’ सूर पाडून, हळू म्हटला तर ‘पुरे आता’. भांडणात हा शेवटचा सूर बरोबर लागला तर पुढचं टळतं. चढला तर पेटतं.

टिळकनगर: वयाचं राहिलं. बरोबरीचा किंवा थोडा मोठा असेल तर भिया. केस पिकलेल्याला काका. घरातला सख्खा मोठा भाऊ मराठी घरांत दादाच. क्रियापदही सांभाळा: अनोळखी माणसाला ‘भिया, तुम्ही बसा’, दोस्ताला ‘बस ना भिया’. ‘भिया’ म्हटलं म्हणजे अरे-तुरेचा परवाना मिळाला, असं नाही.

सध्या पुण्यात: इथे तो खिशात ठेवा. महाराष्ट्रात ‘भैया’ म्हणजे उत्तरेकडून आलेला माणूस, आणि पुष्कळदा हिणवून म्हटलेला. इंदूरचा लाडिक ‘भिया’ ऐकणाऱ्याला तसाच लागतो. रिक्षावाल्याला ‘दादा’ म्हणा, भाजीवाल्याला ‘काका’.

रामबागकर: ‘भियाराम’ राहिलंच की! भेटल्यावरचा रामराम. उत्तरही ‘भियाराम’च, नमस्कार नको.

राजवाडा, रात्री ११: मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना ‘एच’ निसटला की ‘बिया’ उमटतं. ‘काय बिया, सराफ्यात खायला येतोस का?’ असा निरोप गेला, तर उत्तर येतं, ‘कशाच्या, भोपळ्याच्या?’