सावली, छाया की पडछाया? आणि 'शून्य सावली'त नेमके काय शून्य होते?

राजवाडा, इंदूर
मुलांच्या विज्ञान-भित्तिपत्रकासाठी सावलीवर मजकूर लिहायचा आहे. इथली मराठी मुले शाळेत हिंदी बोलतात, त्यांच्या डोक्यात दोन वेगळे शब्द पक्के असतात: झाडाखाली बसतो ती 'छाँव' आणि भिंतीवर दिसते ती 'परछाई'. मराठीत दोन्हींना सावलीच म्हणतो. मग मुले विचारतात, "सावलीत बसलो म्हणजे परछाईवर बसलो का?" दुसऱ्या अर्थासाठी 'पडछाया' वापरावा का? की तो फक्त कथाकवितांतला शब्द आहे? आणि 'शून्य सावली दिवस' हे नाव बरोबर आहे का, हेही सांगा.

मांडवी, बडोदे
गुजरातीतही हीच जोडी आहे: 'छांयडो' आणि 'पडछायो'. त्यामुळे बडोद्याच्या मुलांना पडछाया शब्द परका वाटत नाही. एक खुलासा मात्र आधीच करून ठेवा. पडछायेतला 'पड' हा 'पडणे'तला नाही. संस्कृत 'प्रति'चे प्राकृतात 'पडि' झाले, त्याचा हा 'पड'. प्रतिशब्द → पडसाद, प्रतिजिह्वा → पडजीभ, तसेच प्रतिच्छाया → पडछाया. हिंदीतली परछाई याच घरातली. "जमिनीवर पडते ती पडछाया" ही फोड ऐकायला सोपी आहे, पण चुकीची आहे, आणि मुलांना एकदा सांगितली की निघत नाही.

लष्कर, ग्वाल्हेर
माझे मत थोडे वेगळे आहे. 'सावली'चे दोन अर्थ वेगळे करण्यापेक्षा ते एकच आहेत हे दाखवणे विज्ञानाला धरून होईल. झाडाने प्रकाश अडवला की झाडामागची सगळी जागा, हवेसकट, प्रकाशाविना राहते. त्या जागेत आपण शिरतो तेव्हा 'सावलीत बसलो' म्हणतो. तीच जागा जमिनीला किंवा भिंतीला जिथे छेदते तिथे आकृती उमटते, तिला 'सावली पडली' म्हणतो. सावली ही जाडी असलेली जागा आहे, जमिनीवर दिसतो तो तिचा काप. हे मुलांना एकदा कळले की चंद्रग्रहण समजावणे फार सोपे जाते, कारण तिथे चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो, म्हणजे चक्क 'सावलीत बसतो'. पडछाया हा शब्द भिंतीवरच्या आकृतीपुरता जरूर ठेवा. पण प्रतिबिंबाच्या अर्थाने वापरू नका. पाण्यात दिसते ते प्रतिबिंब. तिथे प्रकाश परत फिरून डोळ्यात येतो, सावलीत तो येतच नाही.

तुकोगंज, इंदूर
वरच्या मुद्द्याला जोडून प्रच्छाया आणि उपच्छाया. पाठ्यपुस्तकातले हे शब्द मुले घोकतात, घरात मात्र बघत नाहीत. सूर्य बिंदू नाही, थाळी आहे. थाळी पूर्ण झाकली जाते तो गडद भाग प्रच्छाया, अर्धवट झाकली जाते ती कडेची फिकट पट्टी उपच्छाया. उन्हात पेन्सिल कागदाला टेकवून धरा, सावलीची कड धारदार दिसेल. हळूहळू वर उचला. कड भुरकट होत जाईल, गडद पट्टा बारीक होत जाईल आणि साधारण ७५ सेंमी उंचीवर तो संपेल.

७५च का? सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट दूर आहे. म्हणून कोणत्याही वस्तूची प्रच्छाया तिच्या रुंदीच्या सुमारे १०८ पट लांब जाऊन टोकदार होते आणि संपते. पेन्सिल ७ मिमी जाड, म्हणून ७५ सेंमी. संक्रांतीचा अर्धा मीटर रुंद पतंग ५४ मीटरपलीकडे गेला की त्याची गडद सावली जमिनीवर पोहोचत नाही. प्रवासी विमानाचे धड ४ मीटर रुंद धरले तर ४३० मीटर, आणि ते उडते १० किलोमीटरवर. विमानाची सावली अंगणात का पडत नाही, या प्रश्नाचे उत्तर हेच. चंद्राचा व्यास ३४७४ किमी, त्याला १०८ने गुणा: सुमारे पावणेचार लाख किमी. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किमी. म्हणजे चंद्राची प्रच्छाया पृथ्वीपर्यंत जेमतेम पोहोचते. चंद्र जवळ असेल तर खग्रास सूर्यग्रहण, दूर असेल तर टोक जमिनीच्या वरच संपते आणि कंकणाकृती. पेन्सिलीने सुरू करून मूल ग्रहणापर्यंत येते ते असे.

लेखनाचा एक मुद्दा: 'उपछाया' लिहू नका, 'उपच्छाया' लिहा. ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की त्याआधी च् येतो: परिच्छेद, प्रतिच्छाया. पडछाया तद्भव आहे, तिथे हा नियम लागत नाही. पंचांगात 'छायाकल्प चंद्रग्रहण' असते, ते उपच्छायेतले. चंद्र किंचित मळकट होतो एवढेच.

राजवाडा, इंदूर
पतंगाचे उदाहरण नक्की घेतो. शून्य सावलीचे कोणी सांगेल का?

तुकोगंज, इंदूर
नावातला 'शून्य' सावलीच्या लांबीला लागतो, सावलीला नाही. सूर्य थेट माथ्यावर येतो तेव्हा उभ्या काठीची सावली तिच्या बुडाखाली जाते. टेबलाची सावली टेबलाखाली असतेच, हात पसरलेल्या माणसाच्या हातांचीही जमिनीवर असतेच. भित्तिपत्रकात "सावली नाहीशी होते" असे लिहू नका, "सावली पायाखाली येते" असे लिहा. शीर्षकात रूढ नाव चालेल.

इंदूर २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला. म्हणून हा योग वर्षातून दोनदा: ६-७ जूनच्या आसपास आणि ५-६ जुलैच्या आसपास. बडोद्याला, २२.३ अंशांवर, ३ जून आणि ९ जुलैच्या सुमारास. जुलैत ढग असतात, जूनच धरा. एक-दोन दिवस चुकले तरी बिघडत नाही, कारण त्या काळात सूर्य दिवसाला जेमतेम अंशाचा दहावा भाग सरकतो.

वेळ चुकवू नका. "बारा वाजता सूर्य डोक्यावर" हे इंदूरला खरे नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, इंदूर ७५.९ वर. अंशाला ४ मिनिटे, म्हणून इथला मध्याह्न सरासरी १२:२६ ला. तोही वर्षभर सरकतो: नोव्हेंबरच्या आरंभी १२:१०, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४१. जूनच्या त्या दिवशी १२:२५, बडोद्याला १२:३५.

साधन म्हणून पीव्हीसी पाइपचा १५ सेंमी तुकडा, दोन्ही तोंडे काटकोनात कापलेला. फार उंच काठी घेतली तर उपच्छायेने टोक पुसट होते: १ मीटर उंचीला सुमारे ९ मिमीची भुरकट कड. १५ सेंमीला ती दीड मिमीच राहते. पाइप ओळंब्याने उभा करा, खालची फरशी पाण्याची थाळी ठेवून तपासा. गच्चीला पाणी वाहण्यासाठी उतार असतो आणि बहुतेक प्रयोग तिथेच बिघडतात. १ अंश कलला की सावली अडीच मिमी बाहेर येते आणि मुलांना वाटते तारीख चुकली. उशीर झाला तरी तेच: चार मिनिटांत अडीच मिमी. वेळ जुळली की पाइपमधून खाली प्रकाशाचे गोल चकतीसारखे वर्तुळ पडते, ते बघण्यासारखे असते.

लष्कर, ग्वाल्हेर
ग्वाल्हेर २६.२ अंशांवर, कर्कवृत्ताच्या उत्तरेला. इथे हा दिवस कधीच येत नाही. २१ जूनलाही १ मीटर काठीची मध्याह्नी सुमारे ५ सेंमी सावली उत्तरेकडे उरते. ग्वाल्हेरच्या मुलांना इंदूरचे भित्तिपत्रक जसेच्या तसे देऊ नका. उलट इंदुरात त्या दोन तारखांच्या मध्ये दुपारची सावली *दक्षिणेकडे* पडते. २१ जूनला १ मीटर काठीला सव्वा सेंमीच, पण दक्षिणेकडे. हे मला शून्य सावलीहून अधिक मोलाचे वाटते. त्याच काठीची २२ मार्चच्या सुमारास ४२ सेंमी आणि २२ डिसेंबरला १०४ सेंमी, म्हणजे हिवाळ्यात भर दुपारी सावली आपल्याहून थोडी लांब. वर्षभर दर महिन्याला एक खूण करायला सांगा.

मांडवी, बडोदे
काठीसाठी जुना शब्द 'शंकू'. उज्जैनच्या वेधशाळेत शंकुयंत्र आहेच. पण मुलांना शंकू म्हणजे आइस्क्रीमच्या कोनाचा आकार. तिथे 'उभी खुंटी' लिहा आणि शंकू हा शब्द एकदा ओळख म्हणून द्या.

शुल्बसूत्रांतली, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांतली, दिशा काढायची रीतही द्यावी. डिसेंबरात १५ सेंमी खुंटीभोवती २५ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला शिवून आत येते तिथे खूण, दुपारनंतर बाहेर जाताना शिवते तिथे दुसरी. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. त्या दिवसांत दुपारची सावली १५.६ सेंमी असते. वर्तुळ त्याहून लहान काढले तर टोक आत येणारच नाही आणि मूल दिवसभर वाट बघत बसेल.

लष्कर, ग्वाल्हेर
आणि कृपया 'मध्यान्ह' नको. मध्य + अहन्, म्हणून मध्याह्न, आधी ह मग न. मुलांसाठी 'भर दुपारी' लिहिले तरी चालेल, पण घड्याळाचे बारा आणि सूर्याची भर दुपार वेगळी, हे चौकटीत लिहा.

राजवाडा, इंदूर
ठरले. झाडाखालची आणि जमिनीवरची, दोन्ही 'सावली'. भिंतीवरच्या आकृतीला 'पडछाया'. ग्रहणाच्या चित्रात प्रच्छाया-उपच्छाया, शेजारी पेन्सिल आणि पतंग. तारखा इंदूर आणि बडोद्याच्या, ग्वाल्हेरसाठी ५ सेंमीची वेगळी चौकट.