वृत्तवाहिन्या मोबाईलवर आल्या, पण जिल्हा पडद्याबाहेरच राहिला

तापीकाठ, जळगाव (धागालेखक)

बहुतेक मराठी वृत्तवाहिन्यांचे थेट प्रक्षेपण आता यूट्यूबवर चोवीस तास आणि फुकट दिसते. केबलचे पैसे भरावेत की नाही, हा प्रश्न त्यामुळे जळगाव-भुसावळच्या अनेक घरांत केव्हाच निकालात निघाला आहे. वाहिन्या याला स्वतःचे डिजिटल रूपांतर म्हणवून घेतात. माझ्या मते बदलले आहे ते केवळ पोहोचवण्याचे साधन. बातमी कोणती हे ठरवणारी खोली होती तिथेच, मुंबईत आहे, आणि प्रेक्षक हातचा जाण्याला मोबाईलपेक्षा ही गोष्ट अधिक कारणीभूत आहे.

उपग्रह वाहिनीला एका क्षणी एकच चित्र दाखवता येते. 2007 मध्ये स्टार माझा आणि झी 24 तास सुरू झाल्या, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत आली. यावलच्या केळीला पाच मिनिटे दिली तर कोल्हापूरचा आणि नागपूरचा प्रेक्षक रिमोट उचलेल, हा संपादकांचा युक्तिवाद तेव्हा मान्य करण्यासारखा होता. इंटरनेटवर ही अडचण उरत नाही. खान्देशासाठी, मराठवाड्यासाठी, कोकणासाठी स्वतंत्र प्रवाह एकाच वेळी चालवता येतात आणि एकामुळे दुसऱ्याचा वेळ जात नाही. प्रत्यक्षात मात्र संध्याकाळच्या चर्चेत जे भांडण झाले त्याचेच मोबाईलसाठीचे उभे तुकडे (शॉर्ट्स) कापून, त्यावर लाल बाण आणि आश्चर्याने उघडलेले तोंड लावून तेच पुन्हा आपल्यापुढे ठेवले जाते.

उन्हाळ्याच्या अखेरीस वादळाने रावेर, यावल, चोपडा तालुक्यांत केळी आडवी पडते तेव्हाचे प्रक्षेपण आठवून पाहावे. पडलेल्या बागा, बांधावर आलेले पुढारी, त्यांचे बाइट (कॅमेऱ्यापुढची छोटी वक्तव्ये), आणि पुढची बातमी. बागायतदाराला हवे असते ते वेगळेच. हवामानाधारित पीक विम्यासाठी वाऱ्याचा वेग कोणत्या हवामान केंद्रावर नोंदला गेला, नुकसानीची सूचना किती तासांत द्यायची, पडलेल्या मालाला व्यापारी काय भाव देत आहेत, आणि रावेरचा व बऱ्हाणपूरचा दर यांत आज एवढी तफावत का पडली? हे सारे त्याला व्हॉट्सअॅपच्या गटावर मिळते, बहुधा अर्धवट आणि कधी चुकीचेही, पण मिळते. प्रेक्षक मोबाईलकडे गेला असे आपण म्हणतो खरे. तो ही माहिती शोधत गेला आहे.

अमेरिकेत मे 2025 मध्ये टीव्ही संचावर पाहण्यात गेलेल्या एकूण वेळेत स्ट्रीमिंगचा वाटा 44.8 टक्के झाला. नेहमीचे प्रक्षेपण आणि केबल यांची बेरीज 44.2 टक्क्यांवर राहिली, असे प्रेक्षकमोजणी करणाऱ्या नील्सन कंपनीने जाहीर केले. म्हणजे वारे कुठे वाहते आहे याबद्दल वाद नाही. पण त्याच देशात सीएनएन या वृत्तवाहिनीची सीएनएन प्लस ही वर्गणीची स्ट्रीमिंग सेवा 29 मार्च 2022 रोजी सुरू झाली आणि महिनाभरात बंद पडली. नवे साधन उभारले, पण पैसे मोजावेत असे त्यावर काही नव्हते, असा मी त्याचा अर्थ लावतो. आपल्या वाहिन्या त्याच वाटेवर आहेत असे मला वाटते. विरोधी मते अवश्य मांडावीत.

जुना डेस्ककरी, धुळे

मी काही वर्षे एका मराठी वाहिनीच्या डेस्कवर (बातम्या निवडून तपासणाऱ्या विभागात) काम केले आहे, म्हणून आधी तुमच्या उदाहरणाबद्दल. सीएनएन प्लस बंद केली ती डिस्कव्हरीबरोबरच्या विलीनीकरणानंतर आलेल्या नव्या मालकांनी, आणि मुख्यतः त्यांना वेगवेगळ्या वर्गणी सेवा नको होत्या म्हणून. महिनाभरात आशयाची परीक्षा होत नसते. त्या दाखल्यावर जळगावची इमारत उभी करू नये.

आता मूळ मुद्दा. बातमीची खोली मुंबईत आहे हे खरे, पण ती तिथे संपादकांच्या हट्टाने राहिलेली नाही; पैसा तिथे मोजला जातो म्हणून राहिली आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशात सुमारे 23 कोटी टीव्ही घरे आहेत आणि कोणती वाहिनी किती पाहिली जाते हे मोजणारे घरोघरचे मीटर आहेत सुमारे 58 हजार. स्मार्ट टीव्ही, मोबाईल आणि स्ट्रीमिंगवरचे पाहणे या मोजणीत येत नाही, असेही त्याच वेळी सांगितले गेले. म्हणजे भुसावळच्या एखाद्या घराने केबल तोडून तीच वाहिनी यूट्यूबवर लावली, तर जाहिरातदाराच्या कोष्टकात ते घर पुसले जाते. ते दिसते ते यूट्यूबच्या आकड्यांत, आणि लांब चित्रफितीच्या जाहिरातींतून वाहिनीला मिळतात शंभरातले 55 रुपये. उभ्या तुकड्यांचा हिशेब तर 45 चा. दुसरीकडे केबलवर दिसण्यासाठी चालकाला द्यावे लागणारे कॅरेज शुल्क चालूच असते, कारण मीटर अजून तिथेच आहे. दोन्ही घरांचे भाडे भरणारा माणूस तिसरे घर बांधायला निघत नाही.

खान्देशासाठी स्वतंत्र प्रवाह म्हणजे दिवसाला निदान चार तासांचा नवा मजकूर. त्याला निर्माता, संकलक, निवेदक आणि तीन जिल्ह्यांत पगारी वार्ताहर लागतात. आज जिल्ह्यात जो असतो तो स्ट्रिंगर, त्याला बातमीमागे पैसे मिळतात, आणि बातमी लागली नाही तर पेट्रोलही स्वतःचे जाते. तो विम्यासाठीच्या हवामान केंद्राच्या नोंदी तपासायला दोन दिवस का घालवील? बाइट घेऊन पाठवला की त्याचे काम झाले. ही त्याची आळशी वृत्ती नाही, एवढे मी आवर्जून नोंदवतो.

साक्रीकर

दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की बातमी जितकी गावाजवळ जाईल तितकी चांगली होईल. आमच्या तालुक्याचा अनुभव मला असे मानू देत नाही. 1 जुलै 2018 रोजी राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ती अफवा मोबाईलवरून, ओळखीच्या माणसांकडून, आपल्याच बोलीत आली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. त्या निर्णयामागे देशभरातील अशा घटना होत्या, आणि राईनपाडा त्यांतली एक.

वृत्तवाहिन्यांचा गोंगाट मलाही नकोसा होतो. तरीही वाहिनीला परवाना असतो, 1995 च्या केबल कायद्याखालील कार्यक्रम संहिता असते, आणि चुकीची बातमी दिली तर नोटीस पाठवण्यासाठी एक पत्ता असतो. डिजिटल बातम्यांसाठी 2021 च्या नियमांनी त्रिस्तरीय तक्रार व्यवस्था आणली खरी, पण तालुक्याच्या गावी हातात बूम (बातमीदाराचा माइक) घेऊन फिरणाऱ्या किती जणांनी तक्रार अधिकारी नेमला आहे? मध्यवर्ती डेस्क संथ असतो, दूर असतो, पण प्रसारणापूर्वी दुसऱ्या कुणाची तरी नजर मजकुरावरून फिरते. ती नजर काढून टाकून जे उरते त्याला जिल्ह्याची बातमी म्हणायला माझी तयारी नाही.

बोरीकाठचा बूमवाला, अमळनेर

साक्रीकर नाना, हातात बूम घेऊन फिरणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. राईनपाड्याच्या अफवेत कोणत्याही स्थानिक बातमीदाराचे नाव आपण घेतलेले नाही, आणि तरी शिक्षा मात्र आम्हाला देत आहात. त्या दिवसांत मुले पळवणारी कोणतीही टोळी नाही हे सांगणारा, त्या गावांना ओळखीचा आणि विश्वासाचा चेहरा कुणाचा होता? मुंबईतल्या निवेदकाचा तर नक्कीच नव्हता. माझा निष्कर्ष तुमच्या उलट आहे: अफवा आपल्या बोलीत येते, तर तिचे खंडनही त्याच बोलीत आणि त्याच मोबाईलवर यायला हवे.

आमची उमेदवारी यूट्यूबच्या अटीपासून सुरू होते. 1,000 सदस्य आणि वर्षात 4,000 तास पाहिले गेल्याशिवाय जाहिरातीचा सर्वसाधारण वाटा मिळत नाही. तोवर नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचे चित्रण, पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक, कापूस खरेदी केंद्राबाहेरच्या रांगा हे सारे पदरमोड करून चालते. 2023 च्या नियतकालिक नोंदणी कायद्यात डिजिटल बातम्यांना जागा नाही, त्यामुळे कार्यालयात गेलो की ओळखपत्राचा प्रश्न आधी येतो आणि बातमीचा नंतर. नियम नकोत असे आमच्यापैकी कुणी म्हणत नाही. नोंदणीचे दार उघडा, मग जबाबदारी मागा.

राहिला पैशांचा विषय. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर आमचे बरेच भागते, हे खान्देशात कुणापासून लपलेले नाही. मोठ्या वाहिन्यांवर तोच पैसा 'विशेष कार्यक्रम' या नावाने येतो. रक्कम मोठी असली की त्याला प्रायोजकत्व म्हणतात.

साक्रीकर

वाढदिवसाच्या जाहिरातींचा उल्लेख आपण स्वतःच केलात ते बरे झाले. ज्या पुढाऱ्याच्या शुभेच्छा सोमवारी लावल्या त्याच्या ठेकेदाराने बांधलेला रस्ता मंगळवारी दाखवता येतो का, एवढेच सांगावे. मोठ्या वाहिन्यांवरही हाच दोष आहे हे मान्य, पण तिथे दहा जाहिरातदार असतात आणि एक नाराज झाला तर नऊ उरतात. तालुक्यात एकूण तीनच असतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार

ही सगळी चर्चा मोबाईलला रेंज आहे असे धरून चालली आहे. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांवर अजून चित्रफीत उघडताना फिरणारे चक्रच पाहत बसावे लागते. तिथे छपरावर दिसते ती डीडी फ्री डिशची छत्री, कारण एकदा घेतली की महिन्याचे भाडे नाही. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक 2022 पर्यंत जवळपास सारे बंद झाले, ते तंत्र कालबाह्य झाले म्हणून. पण त्यांची जागा प्रत्येक ठिकाणी इंटरनेटने घेतली असे कुणी समजू नये. टीव्ही संपला असे म्हणणारे बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी राहतात.

भाषेचे काय? अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती यूट्यूबवर प्रचंड पाहिल्या जातात, म्हणजे प्रेक्षक आहे, आणि तरी एकाही मोठ्या वाहिनीला अहिराणीत रोज दहा मिनिटांचे बातमीपत्र करावेसे वाटत नाही. भिली आणि पावरीचे तर नावच सोडा. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झाले, आणि संध्याकाळी सातच्या मराठी बातम्यांनी एकेकाळी सारे घर एकत्र बसवले. त्या संस्थेला मीटरची भीती नाही, जळगावला आकाशवाणी केंद्र आहे, आणि प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये वेव्हज हा स्वतःचा स्ट्रीमिंग मंचही आणला. जिल्ह्याचे बातमीपत्र छत्रीवर आणि मोबाईलवर एकाच वेळी देण्याची साधने हातात असलेली ती एकमेव संस्था आहे. खासगी वाहिन्यांकडून हे काम होणार नाही, डेस्ककरींनी त्याचे कारण दिलेच आहे.

जुना डेस्ककरी, धुळे

साधने आहेत हे मान्य. पण पालकमंत्र्यांना अडचणीचा प्रश्न त्या बातमीपत्रात कोण विचारणार? सरकारी पैशावरचे बातमीपत्र धरणाच्या दरवाजांची आणि लसीकरणाची माहिती उत्तम देईल. हतनूरचे दरवाजे उघडल्याचा इशारा वेळेवर मिळाला तरी पुष्कळ झाले, हेही खरे. धागालेखकांना मात्र विमा कंपनीला जाब विचारणारी बातमी हवी आहे, आणि ती या मार्गाने येईल असे मला दिसत नाही.

तापीकाठ, जळगाव (धागालेखक)

डेस्ककरी, सीएनएन प्लसबद्दलचा तुमचा आक्षेप मी टाळत नाही. मालकबदल हे मोठे कारण होते. पण मोजणीबद्दल तुम्ही जे सांगितले त्यावरून मी वेगळ्या ठिकाणी पोहोचतो. टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर बार्कने, म्हणजे हे मीटर चालवणाऱ्या संस्थेने, ऑक्टोबर 2020 पासून मार्च 2022 पर्यंत वृत्तवाहिन्यांचे स्वतंत्र आकडे देणेच थांबवले होते. जवळपास दीड वर्ष मीटरचा साप्ताहिक धाक नव्हता. त्या काळात एखाद्या वाहिनीने जिल्ह्यांकडे मोहरा वळवला असता, तर मीटरच आड येतो हे मी मान्य केले असते. पडद्यावर तशी काही खूण मला दिसली नाही. म्हणून सवयीचा वाटा मी पैशाच्या वाट्याहून कमी धरत नाही.

दुसरे असे की जिल्ह्यात माणसे पाठवायला वाहिन्यांना जमत नाही असे नाही. 22 जानेवारी 2025 रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे येथे पुष्पक एक्स्प्रेसला आग लागल्याच्या अफवेने प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. त्या दिवशी देशभरच्या वाहिन्यांनी परधाडे दाखवले. साक्रीकरांनी ध्यानात घ्यावे की ही अफवा कोणत्याही मोबाईलवर नव्हे, डब्यात तोंडी पसरली होती. मोठी घटना घडली की जिल्हा परवडतो, ती शिळी झाली की परवडत नाही. हा हिशेब पैशांचा तितकाच, मुंबईला काय महत्त्वाचे वाटते याचाही आहे.

केळीबागायतदार, रावेर

उदाहरण आमचे दिले आहे म्हणून लिहितो. हवामानाच्या अंदाजासाठी मी वर्षाला पैसे भरतो, भावासाठीही भरीन. खान्देशाच्या बातम्यांसाठी महिन्याला शंभर रुपये मागितले तर आमच्या भागातले बरेच जण देतील, असा माझा अंदाज आहे. इथे डेस्ककरी आम्हाला कमी लेखतात. पण मी आधी एक गोष्ट पाहीन. बाजारात दर पाडल्याची तक्रार आली की ती बातमी व्यापाऱ्यांच्या जाहिराती चालू असताना लागते की नाही. एक हंगाम तेवढे पाहू द्या, वर्गणी नंतर बोलू.