नेटवरच्या मराठी बातम्या आणि आपले सामने: कसं बघता, कुठे अडतं?

गिरगावकर
गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू आहे. गंजक्या पाइपावरचा जुना अँटेना आज खाली उतरवला आणि सातच्या बातम्या आठवल्या. २ ऑक्टोबर १९७२ला वरळीचं मुंबई केंद्र सुरू झालं, तेव्हापासून कितीतरी गच्च्यांवर हे सांगाडे वरळीकडे तोंड करून उभे होते. एक जण वर, एक जण खिडकीत, "आलं... गेलं... तिथेच धर!" पुढे केबल आली, १ नोव्हेंबर २०१२पासून मुंबईत सेट टॉप बॉक्सची सक्ती झाली, आणि आता सगळं वायफायवर.

गमतीजमतींसाठी दुसरे धागे आहेत. इथे जोडणी, सेटिंग, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच लिहा, म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

सुरुवात माझ्याकडून. एबीपी माझा, झी २४ तास, टीव्ही९ मराठी, साम, सगळ्यांचं लाइव्ह यूट्यूबवर फुकट आहे. पण लाइव्हची लिंक जपून ठेवू नका. वाहिनीने स्ट्रीम बंद करून पुन्हा सुरू केली की जुनी लिंक मरते. वाहिनीच्या यूट्यूब पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन इंग्रजीत लाइव्ह टाइप करा आणि तो पत्ता जपून ठेवा. त्या वेळी जे चालू असेल तेच उघडतं. सह्याद्रीसाठी प्रसार भारतीचं वेव्ह्ज ॲप आहे, नोव्हेंबर २०२४मध्ये आलेलं.

पार्ले_पूर्व
छान धागा. सगळ्यात जास्त तक्रार उशिराची असते, म्हणून त्यावर सविस्तर.

नेटवरचं लाइव्ह मागे असतं, कारण व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी येतो. एक तुकडा साधारण २ ते ६ सेकंदांचा. दोन-तीन तुकडे जमा झाल्याशिवाय प्लेअर चित्र सुरूच करत नाही. त्याआधी एन्कोडिंग (चित्र नेटसाठी दाबून लहान करणं) आणि सर्व्हरचा वेळ. सगळं मिळून २०-३० सेकंद सहज होतात, कधी जास्तही. केबल आणि डीटीएच मात्र काही सेकंदच मागे असतात. कबड्डीत एक चढाई ३० सेकंदांची. म्हणजे केबलवाल्या शेजाऱ्यांकडे आरडाओरडा होतो तेव्हा आपल्याकडे चढाईपटू अजून मध्यरेषा ओलांडतोय. वेगाचा प्लॅन वाढवून हे जात नाही, उगाच पैसे घालवू नका.

आपल्या हातात आहे ते असं. यूट्यूबवर लाइव्हपुढचं लाल टिंब करडं झालं असेल तर आपण आणखी मागे पडलोय. मध्ये पॉज केलं असेल तर तेवढा वेळ वाढलेला असतो. त्या टिंबावर दाबलं की पुढे येतं.

चित्र अडकत असेल तर दोष कुठे हे बघायला सेटिंगमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू करा. त्यात 'बफर हेल्थ' (पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ जमा आहे) आणि 'लाइव्ह लेटन्सी' (आपण किती मागे आहोत) हे दोन आकडे बघा. बफर हेल्थ वारंवार शून्याला टेकतंय? मग नेट किंवा वायफाय. बफर हेल्थ भरपूर आहे, तरी चित्र अडखळतंय? मग टीव्हीला लावलेल्या स्टिकचा किंवा टीव्हीचा प्रोसेसर दमलाय, नेटवाल्याला फोन करून फायदा नाही. तक्रारीआधी एवढं बघितलं तरी निम्मी डोकेदुखी वाचते.

परळचा_पम्या
+१. उशीर जात नाही, तर निदान सामना चालू असताना सोसायटीचा ग्रुप म्यूट करा. स्कोअरच्या ॲपचं नोटिफिकेशन पण. तेही पुढे असतं.

मुलुंडकरीण
कुकर लावलाय, पटकन लिहिते. मोबाइल डेटावर बघणाऱ्यांसाठी हिशोब: यूट्यूबच्या शिफारशीप्रमाणे ४८०पीला १.१ एमबीपीएस, ७२०पीला २.५, १०८०पीला ५. म्हणजे १०८०पीला तासाला सव्वादोन जीबी, ७२०पीला सव्वा जीबीच्या आत, ४८०पीला अर्धा. रोज दीड जीबीवाल्यांनी लोकलमध्ये बातम्या ४८०पीवरच ठेवाव्यात, फोनवर खालची पट्टी नीट वाचता येते. टीव्हीवर मात्र ४८०पीला पट्टीची अक्षरं फुटतात. रणजीचा अख्खा दिवस, सहा तासांचा खेळ, हॉटस्पॉटवर १०८०पीला लावलात तर साडेतेरा जीबी संपले.

आणि एक, प्लॅन घेताना 'मोबाइल' हा शब्द नीट वाचा. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५मध्ये सुरू झालं तेव्हाचा तीन महिन्यांचा १४९ रुपयांचा प्लॅन एका मोबाइलपुरताच होता, टीव्हीवर चालत नव्हता. पैसे भरल्यावर हे कळलं की फार चिडचिड होते.

भांडुपवाला
मुलुंडकरीण ताई, हिशोब सेव्ह केला. धन्यवाद.

फायर स्टिकवाल्यांनो, स्टिकची वायर टीव्हीच्या यूएसबीत खुपसू नका. साध्या यूएसबी २.० पोर्टातून ०.५ अँपिअर मिळतो, स्टिकला ५ व्होल्ट १ अँपिअर लागतो. बातम्या कशाबशा चालतात, सामन्याला प्रोसेसरवर भार आला की स्टिक बंद होऊन पुन्हा सुरू होते. लोकांना वाटतं ॲप खराब. सोबत आलेला ॲडॉप्टर वापरा.

दुसरं, चेंडू सीमारेषेकडे जाताना किंवा कॅमेरा फिरताना चित्र झटके देत असेल तर हे करा. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांचं आणि स्टिक बहुतेक वेळा ६०वर लावलेली. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ रिझोल्यूशन '१०८०पी ५० हर्ट्झ' करा. नाहीतर 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' चालू करा, पण ते सगळी ॲप मानत नाहीत. क्रिकेटमध्ये फरक लगेच दिसतो.

ठाण्याची_ज्योती
फोनचा स्क्रीन टीव्हीवर घेतला की आवाज येतो आणि चित्र काळं. काय करू? सासूबाईंना सातच्या आत बातम्या हव्यात :)

पार्ले_पूर्व
ज्योतीताई, तुम्ही मिररिंग करताय. पैसे भरून बघायची ॲप मिररिंगला चित्र रोखतात. ॲपमधलंच कास्टचं चिन्ह दाबा, मग टीव्ही स्वतः नेटवरून चित्र ओढतो आणि फोन नुसता रिमोट राहतो. कास्टमध्ये टीव्ही दिसतच नसेल तर फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर आहेत का बघा. एक जण 'गेस्ट' नेटवर्कवर असला की एकमेकांना दिसत नाहीत.

पण सासूबाईंना नुसत्या बातम्या हव्या असतील तर फोन मध्ये आणूच नका. टीव्हीच्या यूट्यूबमध्ये त्यांच्या दोन-तीन वाहिन्या सबस्क्राइब करून ठेवा. रिमोटचं माइकचं बटण दाबून वाहिनीचं नाव आणि पुढे 'लाइव्ह' म्हणायचं. अक्षरं टाइप करायला लावलंत तर त्या दुसऱ्या दिवशी रिमोट तुमच्याच हातात देतील.

ठाण्याची_ज्योती
झालं! गेस्टवरच होता. खूप खूप आभार.

केबल_ते_फायबर
मुंबईच्या घरांतलं वायफाय हा वेगळाच विषय आहे. राउटर दाराशी, टीव्ही हॉलच्या टोकाला, मध्ये बीम आणि लोखंडी कपाट. वायफायच्या पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झ भिंतीत मरतं. २.४ भिंत ओलांडतं, पण इमारतीतले सगळे राउटर त्याच तीन-चार चॅनेलवर कोंबलेले. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून १, ६, ११ यातलं कमी गर्दीचं निवडा. हे झाले उपचार. खरा इलाज म्हणजे टीव्हीला कॅट ६ची वायर. १०० मीटरपर्यंत चालते, चौकटीच्या कडेने पट्टीतून नेता येते. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, स्ट्रीमिंगला तेवढा भरपूर झाला.

नेट एकदम गेलं तर आधी फायबर जिथे जोडलंय त्या डब्यावरचे दिवे बघा. 'पॉन' स्थिर हिरवा, तर फायबर ठीक. 'लॉस'चा लाल दिवा म्हणजे प्रकाश पोचतच नाही. वायर तुटली, दाराच्या फटीत चिमटली किंवा कपाटामागे काटकोनात वळली. रीस्टार्ट करून काही होणार नाही. वळण आहे का बघा, हिरवं कनेक्टर टक्क आवाज येईपर्यंत बसवा, टोकात डोळा घालून बघू नका. तरी लाल, तर तक्रार. नेट येतंय पण तुटतंय, तर ब्राउझरमध्ये डब्याच्या सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर' बघा, म्हणजे डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतोय ते. उणे २७ डीबीएमच्या खाली गेलं असेल तर तंत्रज्ञाला तोच आकडा सांगा, म्हणजे तो रीस्टार्ट करा म्हणणार नाही. पावसाळ्यात गच्चीवरून गच्चीवर लटकणाऱ्या वायरींच्या जोडांत पाणी शिरतं, तेव्हा हा आकडा जरूर बघा.

परळचा_पम्या
वीज गेली की? १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईभर गेली होती तेव्हा बातम्यांची खरी गरज होती.

केबल_ते_फायबर
मिनी यूपीएस घ्या. डब्याच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, बहुतेक १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त. डबा १० वॉट खात असेल तर ३० वॉट-तासांच्या बॅटरीवर अडीच तास धरा.

पण घेण्याआधी तुमच्या घरात नक्की काय येतं ते बघा. फायबर थेट घरात येत असेल तर मधल्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटणारी डबी) वीज लागतच नाही. जिन्यातल्या पेटीतून लॅनची वायर येत असेल तर त्या पेटीतल्या स्विचला वीज लागते. ती गेली की तुमचा यूपीएस चालू आणि नेट बंद. सोसायटीला सांगून त्या पेटीलाही बॅकअप बसवून घ्या.

दादरचा_बाळू
भारताचा सामना डीडी स्पोर्ट्सवर फुकट असतो ना, मग आमच्या केबलवर त्या वेळी दुसरंच काहीतरी का लागतं?

मुलुंडकरीण
बाळूदादा, कायदा २००७चा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं, ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या (अँटेन्यावर येणाऱ्या) प्रक्षेपणावर आणि फ्री डिश या त्यांच्या मोफत डीटीएचवरच दाखवायचं, खासगी केबल-डीटीएचवर नाही. म्हणून.

फ्री डिश लावायची तर उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. मुंबईतून दिशा साधारण १३१ अंश, म्हणजे आग्नेय. उंचीचा कोन ५७-५८ अंश. आपल्या तबकड्या ऑफसेट (सिग्नल तिरका झेलणाऱ्या) असतात म्हणून नजरेला याहून बऱ्याच उभ्या दिसतात, नुसत्या बघून चुकीचं समजू नका. आग्नेयेला समोर टॉवर उभा असेल तर खिडकीतून नाद सोडा. आणि धो-धो पावसात हे जाणारच, केयू बँडचा (डीटीएचच्या लहरींचा पट्टा) सिग्नल पावसाचे थेंब खातात. जुलैत बातम्यांसाठी फायबरच बरं.

भांडुपवाला
मंडळाच्या कबड्डीचं लाइव्ह कुणी करतं का? आमच्याकडे यंदा स्पर्धा आहे.

केबल_ते_फायबर
करा, गावाकडची माणसंही आवर्जून बघतात. यूट्यूबवर फोनवरून लाइव्हला ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा परवानगीला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून आदल्या दिवशी चालू करू नका, आठवडाभर आधी करा. ७२०पीला ४ एमबीपीएस धरा, अपलोड त्याच्या दुप्पट हवा. अंतिम सामन्याला गर्दी झाली की मोबाइलचं नेट बसतं, म्हणून शेजारच्या दुकानातून वायर घ्या. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. फोन मध्यरेषेच्या सरळ रेषेत, बाजूला, दहा फूट उंच ठेवा, म्हणजे दोन्हीकडच्या निदान रेषा आणि राखीव क्षेत्रं दिसतात. फोनचं कव्हर काढा, ऊन लागू देऊ नका, तापला की स्ट्रीम तुटते. 'अल्ट्रा लो लेटन्सी' निवडू नका, बघणाऱ्यांचं चित्र सारखं अडकतं. आणि डीजेला सांगा, सिनेमाची गाणी माइकमध्ये आली तर कॉपीराइटमुळे लाइव्ह मध्येच बंद होऊ शकतं. समालोचकाचा माइक थेट वायरने फोनला द्या.

भांडुपवाला
हे सगळं कार्यकर्त्यांना पाठवतो. डीजेचं सगळ्यात अवघड आहे.

दादरचा_बाळू
कांगा लीगचं क्रिकेट कुठल्या ॲपवर दिसतं?

परळचा_पम्या
बाळूदादा, तुम्ही दादरला राहता. कांगा १९४८पासून भर पावसाळ्यात होते. छत्री घ्या आणि शिवाजी पार्कला जा, तिथे उशीर शून्य सेकंद.

मुलुंडकरीण
गिरगावकर काका, त्या अँटेन्याच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या असतात, गंजतो तो खालचा पाइप. भंगारवाल्याला सगळं लोखंडात तोलू देऊ नका. नळ्या सोडवून वेगळ्या द्या.

गिरगावकर
बरं झालं सांगितलंत, तो उद्या सकाळी येणार आहे. स्क्रू जाम आहेत, आज रात्री तेल सोडून ठेवतो.