ए-झिरो मशीनवर पांढरा पट्टा, तातडीने मदत हवी

फोंड्याचा_प्लॅनवाला: ए-झिरो, म्हणजे ८४ बाय ११९ सेंमी कागदाच्या मोठ्या कॉपी-प्रिंट मशीनवर प्लॅन काढला की पांढरा पट्टा येतोय. काच पुसली, टोनर बदलला, फरक शून्य. चवथीआधी आर्किटेक्टला टाउन प्लॅनिंगचे सेट द्यायचेत. इंजिनियर फोन उचलत नाही. कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

शाई_सम्राट: दोनदा हेड क्लीनिंग मार. तरी नाही गेला तर नोझल चेक काढ. माझा प्लॉटर असाच सुधारला.

जुना_ड्राफ्ट्समन: अहो सम्राट, ते टोनर म्हणतायत, म्हणजे पावडरचं मशीन, त्याला शाईची नोझल कुठली? प्लॅनवाले, पट्टा कागदाच्या लांबीने जातो की आडवा? फक्त कॉपीत, की कॉम्प्युटरवरून दिलेल्या प्रिंटमध्येही?

फोंड्याचा_प्लॅनवाला: लांबीने. दोन्हीत. काच पुसली म्हणून सांगितलं ना.

जुना_ड्राफ्ट्समन: दोन्हीत येतो म्हणजे काचेचा विषयच संपला. काचेवर कण असता तर तो फक्त कॉपीत दिसला असता, तोही बहुधा काळी रेघ होऊन, कारण ओरिजिनल सरकतं आणि कण जागचा हलत नाही. प्रिंट अर्ध्यावर असताना मशीन थांबवा आणि ड्रम बघा, म्हणजे टोनरचं चित्र आधी ज्यावर उमटतं तो रूळ. पट्टा ड्रमवरच असेल तर दोष चार्ज वायर (ड्रमला विद्युतभार देणारी तार), एलईडी हेड (ड्रमवर उजेडाने चित्र काढणारी पट्टी) नाहीतर डेव्हलपरचा (ड्रमला टोनर लावणारा भाग). ड्रम उजेडात उघडा ठेवू नका.

मडगावचो_बाब: ठिपके किती अंतराने येतात ते पट्टीने मोजा. ड्रमचा व्यास ३० मिमी असेल तर दर ९४ मिमीवर तोच ठिपका दिसतो.

फोंड्याचा_प्लॅनवाला: ठिपके नाहीत हो, पट्टा! काळ्या भरावात ढगासारखे फिकट डाग पडतात, पण ते पावसाळ्यात पडायचेच.

सत्तरीकर: पडायचेच काय? कागदाने दमट हवा ओढलीय, त्यावर टोनर नीट उतरत नाही. रोल उघडा ठेवता का? आमच्याकडे कपाटात बल्ब लावून ठेवतात.

मडगावचो_बाब: बल्बने एक बाजू वाळते आणि कागद लाटेसारखा होतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळा, बस. मशीनमध्ये ओल घालवायला हीटर आहे का तेही बघा, बऱ्याच मशिनांत असतो. रात्री मेन बंद करता का?

फोंड्याचा_प्लॅनवाला: बंदच करतो. विजा कडाडतात, बोर्ड जळला तर तुम्ही भरून देणार?

मडगावचो_बाब: मग हीटर काय देवाच्या भरवशावर चालणार?

सत्तरीकर: बल्बला नावं ठेवू नका, बाबा. आमचे रोल आजही सरळ आहेत.

जुना_ड्राफ्ट्समन: अमोनियाच्या वाफेवर प्लॅनच्या प्रती काढायचे, त्या काळी हे प्रश्न नव्हते. डोळे चुरचुरायचे, पण पट्टे नाहीत.

फोंड्याचा_प्लॅनवाला: नवा रोल फोडून लावला, डाग गेले. पट्टा आहे तिथेच, ड्रमवरही दिसतो. डाव्या कडेपासून १० सेंमी. सर्व्हे प्लॅनवर हद्दीची रेघच तुटते, असला कागद कोण घेणार?

जुना_ड्राफ्ट्समन: मेन बंद करून एलईडी हेडची लेन्स कोरड्या, तंतू न सुटणाऱ्या फडक्याने एकाच दिशेने पुसा. पाणी नको. प्लॅन ए-वन (ए-झिरोच्या निम्मे) आहेत की ए-झिरो?

फोंड्याचा_प्लॅनवाला: ए-वन. ३६ इंची रोलवरच काढतो, मग कापतो.

जुना_ड्राफ्ट्समन: हे आधी सांगायचं! रोल मधोमध बसत असेल तर २४ इंची लावा. दोन्ही बाजूंनी १५ सेंमी मोकळे राहतात, पट्टा कागदाबाहेर पडेल. सेट देऊन टाका, मग इंजिनियरच्या मागे लागा.

शाई_सम्राट: तरी हेड क्लीनिंग करून बघायला काय हरकत आहे?

फोंड्याचा_प्लॅनवाला: २४ इंचीवर पट्टा नाही. लेन्स पुसून बारीक झाला, पण गेला नाही. आता चार्ज वायर इंजिनियरच बघेल.

सत्तरीकर: वाया गेलेले प्रिंट टाकू नका हां. पाठ कोरी असते, आमच्या वाड्यावर मखराच्या आराखड्याला लागतील. फोंड्यात कुठे यायचं?