मदत हवी आहे: वडिलांनी किडनीच्या ट्रायलवर सही करावी का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. बुधवारी डॉक्टरांना उत्तर द्यायचंय, म्हणून एका दमात लिहितोय.

वडील 61 वर्षांचे. यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, आता घरीच असतात. शुगर 14 वर्षांपासून. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 8.4, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) 48, युरीन एसीआर 640. एसीआर 30 च्या आत हवा म्हणतात, म्हणजे लघवीतून प्रोटीन बरंच जातंय. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीची टेल्मिसार्टन एवढंच चालू आहे.

गेल्या कोजागिरीला दरवर्षीप्रमाणे अनवाणी तुळजापूरला चालत गेले. आम्ही सांगून थकलो. परत आले तर पाय पुसायला टाकलेल्या टॉवेलवर पिवळट-लाल डाग. (आमच्याकडे सेकंड मालाचे टॉवेल ढिगाने असतात, म्हणून आधी कुणी लक्षच दिलं नाही.) आईने त्यांचा तळपाय हातात घेऊन बघितला तर अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड फुटलेला, आत खडा रुतलेला. ह्यांना पत्ताच नाही! जखम भरायला दोन महिने लागले.

आता डॉक्टर म्हणतात, डायबेटिक किडनीसाठी एका नव्या गोळीची ट्रायल चालू आहे, वडील त्यात बसतात. अडीच वर्षं, तपासण्या फुकट, येण्याजाण्याचं भाडं मिळणार. 22 पानांचा मराठी फॉर्म दिलाय. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना औषध नसलेली, आणि कुणाला कुठली हे डॉक्टरलाही कळणार नाही. वडील म्हणतात, ‘मी काय उंदीर आहे का?’ मामा म्हणतो, फुकट आहे म्हणजे गडबड आहे. वडिलांचं शिक्षण तेलुगू शाळेत सातवीपर्यंत. मराठी फाडफाड बोलतात, पण ‘यादृच्छिकीकरण’ (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडणं) हा शब्द मलाच तीनदा वाचावा लागला.

बिनऔषधाची गोळी वाट्याला आली तर अडीच वर्षं किडनी तशीच सडत ठेवायची का? मध्येच सोडता येतं का? कुणी अनुभवी असेल तर सांगा.

जुळे_सोलापूरची_सून: मी सहा वर्षं पुण्यात स्टडी कोऑर्डिनेटर होते. बिनऔषधाची गोळी नेहमीच्या औषधांच्या जागी नसते, त्यांच्यावर जादा असते. 2019 ची डायबेटिक किडनीचीच क्रेडेन्स ट्रायल बघा. 4401 पेशंट, सगळे तुमच्या टेल्मिसार्टनच्या जातीच्या किंवा रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांवर. त्यावर निम्म्यांना कॅनाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी, निम्म्यांना रिकामी गोळी. फायदा इतका स्पष्ट दिसला की ट्रायल मुदतीआधी थांबवली. 2020 ची डापा-सीकेडी, डापाग्लिफ्लोझिनची, तीही तशीच लवकर थांबली.

पण मला खटकलं ते वेगळंच. तुमच्या यादीत ग्लिफ्लोझिन गटातलं, म्हणजे ह्या दोन गोळ्यांच्या जातीचं, काहीच नाही! इतकं प्रोटीन जात असेल तर आज ते नेहमीच्या उपचारातच धरतात, आणि डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे 2020 मध्ये संपल्यापासून गोळी स्वस्त झालीय. रिकाम्या गोळीची भीती खरी कधी, तर खालचे नेहमीचे उपचारच अर्धवट असतील तेव्हा. म्हणून सहीचं नंतर, आधी हे विचारा. कदाचित पायाच्या जखमेमुळे थांबवलं असेल. 2017 च्या कॅनव्हास ट्रायलमध्ये कॅनाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत बोटं-पाय कापावे लागण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं होतं. क्रेडेन्समध्ये तसा फरक आला नाही, आणि अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषध खातं) त्याबद्दलचा चौकटीतला, म्हणजे सगळ्यात कडक, इशारा 2020 मध्ये काढून टाकला. तरी ताजी जखम असताना डॉक्टर जपून असतात.

सोडता कधीही येतं, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, हे ट्रायलच्या 2019 च्या सरकारी नियमांत आहे. माहितीपत्रक पेशंटला समजणाऱ्या भाषेतच द्यावं लागतं, तेव्हा तेलुगू प्रत मागा, लाजू नका. सोलापुरात तेलुगू मागणारे तुम्ही पहिले नसाल. फॉर्मवर सीटीआरआय नंबर (ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा) आणि एथिक्स कमिटीचा (पेशंटचं हित बघणारी समिती) फोन आहे ना, तेही बघा.

कडक_भाकरी: ताई, गोड बोलू नका. अकॉर्ड ह्या शुगरच्या ट्रायलमध्ये माणसं दगावली, तेही सांगा की.

जुळे_सोलापूरची_सून: सांगते की. 10,251 लोक होते, निम्म्यांचा एचबीएवनसी 6 च्या खाली रेटायचा प्रयत्न झाला, त्या गटात मृत्यू जास्त झाले. आकडे बाहेरची स्वतंत्र समिती बघत होती, तिच्या सांगण्यावरून 2008 मध्ये तो भाग बंद केला. आज दादांच्या वडिलांना कुणी 6 वर आणत नाही, ते त्याच ट्रायलमुळे. तेव्हा अशी समिती ह्या ट्रायलला आहे का, हेही विचारा दादा.

धागाकर्ता: बुधवारी जाऊन आलो. ताईंचा अंदाज बरोबर, जखम भरेपर्यंतच डॉक्टर थांबले होते. आता डापाग्लिफ्लोझिन 10 सुरू केलीय. ऊन वाढलं की पाणी कमी पडू द्यायचं नाही, उलट्या झाल्या किंवा कडक उपास असला तर गोळी बंद ठेवून फोन करायचा, लघवीच्या जागी खाज आली तर लपवायचं नाही, असं वडिलांना समोर बसवून सांगितलं. ते शेवटचं ऐकताना वडील खिडकीबाहेर बघत होते. ट्रायलचं काही आठवड्यांनी, ही गोळी अंगवळणी पडल्यावर ठरवू. समिती आहे म्हणाले. तेलुगू फॉर्म मंजूर करून मागवतायत.

मामाचं मत अजून तेच आहे.

आता एकच अडलंय. वडील म्हणतात, सगळ्या गोळ्या घेतो, पण कोजागिरीला चालणार. अनवाणी नाही, एवढ्यावर आईने त्यांना आणलंय, तेही देवीची माफी मागून. एमसीआरची (शुगरवाल्यांच्या पायांसाठी मऊ रबराची) चप्पल पायाच्या मापाने शिवून देणारं अशोक चौक किंवा नवी पेठेच्या बाजूला कुणी माहीत आहे का? उजवा अंगठा जरा वाकडा आहे, तयार जोडी बसत नाही.