युकॉनला ट्रेलर घेऊन निघतोय, सहा माणसं आहोत, डेम्पस्टर हायवेवर न्यायचा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलांच्या शाळा सुटल्या की लगेच एडमंटनहून युकॉनला जायचं ठरलंय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे, ते सध्या सुपर व्हिसावर (आईवडिलांना लांब मुदतीसाठी मिळतो तो) आमच्याकडे आहेत. सासऱ्यांनी नोकरीभर शाळेत भूगोल शिकवला आणि त्यांना आर्क्टिक सर्कलच्या पाटीपाशी एकदा उभं राहायचंय, साडेसहासष्ट अंश साडेसहासष्ट अंश हे घरात इतकं ऐकलंय की धाकटी पण आता तेच म्हणत फिरते. त्यामुळे बाकी काही राहिलं तरी चालेल, हे मला करायचंच आहे. त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही म्हणून अलास्का यादीतून काढलं, सगळं कॅनडातच.

रूट असा: एडमंटन, डॉसन क्रीक, तिथून अलास्का हायवेने फोर्ट नेल्सन, लिआर्डचे गरम पाण्याचे झरे, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स आणि मग क्लोंडाइक हायवेने डॉसन सिटी. इथपर्यंत रस्ता पक्का आहे, त्याची फार काळजी नाही. पुढे डेम्पस्टर हायवे, तो जवळजवळ सगळा ग्रॅव्हलचा, म्हणजे खडीचा, आणि आर्क्टिक सर्कल येतं ४०५ व्या किलोमीटरला.

आता गाडी. टोयोटा हायलँडर व्ही६, टो रेटिंग (किती वजन ओढू शकते ते) ५,००० पाउंड म्हणजे साधारण २,२७० किलो. ट्रेलर भरल्यावर १,९०० किलोच्या आसपास जाईल, म्हणजे वरकरणी भरपूर जागा आहे. विक्रेत्याने पण हेच सांगितलं की आरामात ओढेल. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो त्यावर माणसं आणि सामान मिळून ६३५ किलो लिहिलंय. ट्रेलरचा टंग वेट, म्हणजे जोडणीच्या जागी गाडीवर येणारा भार, ट्रेलरच्या वजनाच्या १२ टक्के धरला तर २२८ किलो तिथेच गेले, सहा माणसांचे ३४५, वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (हा भार सगळ्या चाकांवर वाटणारी जोडणी) तीसेक. राहिले किती, तीस किलो! त्यात सहा जणांच्या बॅगा, कूलर, औषधं. कितीही वेळा मांडलं तरी गणित बसत नाहीये आणि नवरा म्हणतो सगळं सामान ट्रेलरमध्ये टाकू, पण मग टंग वेट पण वाढणार ना? हायलँडरला टंगची मर्यादा पण सव्वादोनशे किलोच आहे.

सासूबाईंचं म्हणणं, "मी मागे ट्रेलरमध्येच आडवी पडते की, तेवढीच तुम्हाला पुढे जागा." त्यांना सांगितलं की चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवणं अल्बर्टात आणि ब्रिटिश कोलंबियात बेकायदा आहे, आणि ट्रेलर डोलायला लागला तर आत माणसाचं काय होईल हा विचार पण नको. त्यांना पटलं, पण गुडघे दुखतात त्यांचे, तेव्हा दर दोन तासांनी थांबायचं हे नक्की.

अजून एक, सासऱ्यांना इन्शुलिन आहे. चालू पेन खोलीच्या तापमानाला महिनाभर चालतं, पण राखीव पेनं २ ते ८ डिग्रीत ठेवायची आणि गोठू द्यायची नाहीत. ट्रेलरचा फ्रिज गॅसवर किंवा विजेवर चालणारा आहे, हादऱ्यांनी बंद पडला तर कळणार कसं?

तर मुख्य प्रश्न: ट्रेलर डेम्पस्टरवर न्यायचा की डॉसनला ठेवून नुसती गाडी घेऊन वर जायचं? कुणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, ट्रेलर डॉसनलाच ठेवा. कारण अगदी साधं आहे, पेट्रोल. डॉसनहून निघालात की साधारण ४० किमीवर डेम्पस्टर सुरू होतो आणि पेट्रोल थेट ईगल प्लेन्सला, ३६९ व्या किलोमीटरला, म्हणजे एकूण चारशेच्या वर. तुमच्या गाडीची टाकी ६८ लिटरच्या आसपास असणार आणि ट्रेलर ओढताना शंभर किमीला २० लिटर जाणार असं धरा, म्हणजे साडेतीनशेच्या आत टाकी रिकामी. ट्रेलर नसेल तर आरामात पोचाल, तरी पेट्रोलने भरलेला एक कॅन घ्याच.

रस्त्याबद्दल, खालची जमीन कायमची गोठलेली आहे, ती वितळू नये म्हणून तिच्यावर ग्रॅव्हलचा जाड थर टाकून रस्ता उचललाय, त्यामुळे दोन्ही बाजूला उतार आणि कडेला थांबायला जागा फारच कमी. दगड धारदार असतात, आम्ही फक्त टूम्बस्टोन पार्कपर्यंत ट्रेलर नेला होता, ते ७१ व्या किलोमीटरच्या आसपास आहे, तेवढ्यात कपाटांचे स्क्रू सैल झाले आणि गादीखालीसुद्धा धूळ. पाऊस पडला की चिखल साबणासारखा निसरडा होतो. पूर्ण साइजचं स्पेअर घ्या, शक्य असेल तर दोन.

ईगल प्लेन्सला हॉटेल आहे, तिथे एक रात्र आधीच बुक करा. तिथून सर्कल ३६ किमी. आजोबांना संध्याकाळी निवांत नेता येईल, जुलैच्या पहिल्या आठवड्यात रात्री पण अंधार होत नाही.

प्रतिसाद

वजनाचं गणित तुम्ही बरोबर मांडलंय, लोक टो रेटिंग बघतात आणि तो स्टिकर कुणी बघत नाही. आता अंदाज सोडा आणि सगळे बसून, पाण्यासकट, काट्यावर जा. अल्बर्टात हायवेवरचे ट्रकचे वजनकाटे बंद असताना पण बऱ्याच ठिकाणी चालू ठेवलेले असतात, बोर्डवर आकडा दिसतो. आधी गाडी आणि ट्रेलर जोडून प्रत्येक ॲक्सलचं (चाकांच्या जोडीचं) वेगळं वजन, मग नुसती गाडी. ट्रेलरच्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या ठेवून निघा, एक लिटर म्हणजे एक किलो. युकॉन सरकारच्या कँपग्राउंडला पाण्याचा पंप बहुतेक असतो (उकळून प्यायचं) आणि जळाऊ लाकूड फीमध्येच मिळतं, तेव्हा इथून लाकडं वाहून नेऊ नका. तरीही आकडा वर गेला तर माझं स्पष्ट मत, मोठा ट्रक भाड्याने घ्या. अलास्का हायवेवर समिट लेकच्या घाटात १,२९५ मीटरवर जायचं आणि मग उतरायचं, तिथे ब्रेकवर सगळा भार येतो.

इन्शुलिन ट्रेलरमध्ये ठेवू नका, गाडीत बारा व्होल्टचा छोटा कूलर आणि आत थर्मामीटर. युकॉनमध्ये हॉस्पिटलं तीनच, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स आणि डॉसन. आणि आयफोनचं सॅटेलाइट एसओएस ६२ अंश अक्षांशाच्या वर चालेलच असं नाही, हे ॲपलच सांगतं, डॉसन ६४ वर आहे. सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र) भाड्याने घ्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! पेट्रोलचं गणित घरी मोठ्याने वाचून दाखवलं, ट्रेलर डॉसनला ठेवायचा हे लगेच ठरलं. काट्यावर या शनिवारी जातोय, आकडे इथे टाकते. ट्रक भाड्याने घ्यायचा तर ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) बसवलेला आणि टो करायची, म्हणजे ट्रेलर ओढायची, परवानगी असलेला मिळतो का एडमंटनमध्ये? बऱ्याच कंपन्या टो करू देत नाहीत आणि ग्रॅव्हलवर न्यायला पण मनाई असते असं आत्ता कळलं, म्हणजे डेम्पस्टरसाठी परत तोच प्रश्न. कुणी असा ट्रक घेतला असेल तर करारात नेमकं काय बघायचं तेवढं सांगा.