पणजीतला १८ जून रस्ता संध्याकाळी वाहनांना बंद करावा का?

मांडवीकाठी: गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) बांबोळीला गेलं, विधानसभा २००० साली नदीपलीकडे पर्वरीला, २०२१ मध्ये उच्च न्यायालयही तिकडेच. या कामांसाठी पणजीत येणारा माणूस इथेच जेवायचा, चार वस्तू घेऊन घरी जायचा. तो गेला, आणि आपण पेव्हर बसवत राहिलो. माझं म्हणणं, १८ जून रस्त्यावर संध्याकाळी ५ ते ९ फक्त चालणारे. गाड्या पाटोच्या बहुमजली पार्किंगमध्ये, तिथून छोटी बस.

अर्धं शटर: तुमचं दुकान आहे का तिथे? माझं आहे. गिऱ्हाईक म्हापशाहून स्कूटरवर येतं, पंधरा मिनिटांत कापड घेऊन जातं. त्याला पाटोला उतरवलंत तर ते थेट पर्वरीच्या मॉलमध्येच जाईल. खणलेल्या रस्त्यापायी आधीच एक हंगाम बुडालाय.

मांडवीकाठी: सकाळी नऊला दुकानांसमोर लागतात त्या गाड्या गिऱ्हाइकांच्या? मालकांच्या आणि नोकरांच्या असतात, संध्याकाळपर्यंत हलत नाहीत.

अर्धं शटर: माझी एकच. कॅसिनोला येणाऱ्यांच्या गाड्या आधी हलवा, मग माझ्याकडे या.

मळ्यातली: शहराला ऊर्जितावस्था आणणं म्हणजे काय, ते पणजीच्या जुन्या वस्तीत, आमच्या फोंतेन्हासमध्ये येऊन बघा. रंगवलेल्या भिंती, पायरीवर फोटो काढणारे, खिडकीतून आत डोकावणारे. शेजारची घरं एकेक करून गेस्ट हाऊस झाली. सकाळी पोदेर (पाववाला) भोंगा वाजवतो तो आता कुणासाठी? रस्ता बंद केलात की तिथेही सेल्फीवालेच येणार.

तिसऱ्या पिढीचा भाडेकरू: सगळे रस्त्याकडे बघताय, जरा मान वर करा. खाली दुकान, वर बंद खिडक्या. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालची भाडी इतकी किरकोळ, की मालक कौल बदलत नाही. आम्ही बदलायला गेलो तर हरकत घेतो. तो वाट बघतो, कधी एकदा छप्पर कोसळतंय याची. दुरुस्तीला कर्ज आणि त्या बदल्यात थोडी भाडेवाढ, एवढं झालं तरी वरचे मजले राहते होतील. दुकानं मिटल्यावर रस्त्यावर माणूस दिसेल तो तेव्हा.

अर्धं शटर: भाडेवाढ? मीही भाडेकरूच आहे हो!

तिसऱ्या पिढीचा भाडेकरू: दुकानाचं आणि घराचं भाडं एका मापाने नका मोजू.

सांतिनेजकर: जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की याच रस्त्यावर घोटाभर पाणी. आधी गटारं बघा.

मांडवीकाठी: गटारं हवीतच. पण पाणी ओसरल्यावरही लोक यायला हवेत ना? महिनाभर फक्त शनिवारी करून बघू.

अर्धं शटर: शनिवार धंद्याचा. रविवारी करा.

मांडवीकाठी: रविवारी तुमची दुकानं बंद असतात.

अर्धं शटर: म्हणूनच म्हणतोय.